दांडा न छाटल्याबाबत

४ मे, सोमवार

लिहून देणार : तुझा बाप. वय वर्षे चौऱ्याहत्तर पूर्ण. शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण. पूर्वीचा व्यवसाय वनस्पती उद्यानात माळी व नंतर मुकादम. एकूण सेवा एकेचाळीस वर्षे, एकही लेखी ताकीद नाही. सध्या निवृत्त. बागेतील लोक मला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत, हे मला ठाऊक होते. मी कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हस्ताक्षरात पुढीलप्रमाणे लिहितो.

चि. मुलीस,

येथे आशीर्वाद लिहिण्याची पद्धत आहे. तो देण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे किंवा नाही हे ठरलेले नसल्यामुळे ती जागा कोरी सोडली आहे.

चौदा वर्षांनी पत्र का, असे तू विचारशील. तुझी आई दर रविवारी अकरा वाजता तुझ्याशी फोनवर बोलते. त्या वेळी मी चपला दुरुस्त करून आणण्यासाठी बाहेर जातो. चपला इतक्या तुटत नाहीत, हे चांभारानेही ओळखले आहे. परंतु फोनवरचे बोलणे सहीशिवायचे असते. मला जे कळवायचे आहे ते सहीसह कळवले पाहिजे.

विषय असा की, कोरड्या काचघरातील चमचेपाताला पुन्हा दांडा आला असून तो मी छाटलेला नाही.

झाड तुझ्या ओळखीचे आहे, तरी कागदावर सर्व असावे म्हणून लिहितो. घायपाताच्या गोतातले हे वाळवंटी झाड. एकाच बुडख्यातून शेकडो अरुंद, निळसर पाने चारी बाजूंना सारख्या अंतराने फाकतात, जणू कोणी कंपास ठेवून आखली आहेत. पानांच्या कडेला करवतीचे दात, टोकाला कुंचल्यासारखे केस. पान बुडापासून उपटले तर खाली रुंद, गुळगुळीत चमचा निघतो. म्हणून आम्ही माळी त्याला चमचेपात म्हणतो. पाटीवरचे लॅटिन नाव मला वाचता येते, उच्चारता येत नाही. परदेशी बागेतून आलेले बी तू नऊ वर्षांची असताना तू आणि मी मिळून पेरले होते. तीन रोपे उगवली. एक कुजले, एक काचघरात लावले, एक तुझ्या कुंडीत वाढले. घर सोडताना तू एक ट्रंक आणि ती कुंडी घेऊन गेलीस.

काचघरातल्या झाडाला एकोणीस वर्षांत सात वेळा दांडा आला. सातही वेळा तो मुठीएवढा असतानाच मी छाटला, कारण निवृत्तीनंतरही मी रोज काचघर पाहायला जातोच. मला हे काम शिकवणाऱ्या मुकादमांनी सांगितले होते, “दांडा आला की मरण आलं समज. मूठभर आहे तोवर काप.” ते घायपाताविषयी बोलत होते आणि घायपाताविषयी ते खरेच आहे, ते एकदा फुलते आणि मरते. हेही त्याच गोतातले, म्हणून मी तोच नियम लावला. छाटले आणि झाड जगले. पुन्हा छाटले, पुन्हा जगले. छाटल्यामुळेच ते जगले असे मी धरून चाललो. न छाटता काय होते, हे मी कधी पाहिलेलेच नव्हते.

एप्रिलमध्ये माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तीन आठवडे धूळ आणि ऊन वर्ज्य सांगितले. परवा काचघरात गेलो तेव्हा दांडा कमरेएवढा झाला होता. छाटण्याची वेळ निघून गेली होती. न छाटण्याचे कारण हेच.

आता जे पाहिले ते लिहितो. दांडा मनगटाहून जाड, सरळ, शतावरीच्या कोंबासारखा. रंग तांब्याचा, शेंड्याकडे जांभळा. त्यावर चिकटून बसलेली लहान लहान पाने एकावर एक अशी मिटलेली, की त्यांच्यामध्ये सुई जाणार नाही. नव्या डोळ्याने मला प्रत्येक पानाची कड वेगळी दिसली. मी हात लावला. दांडा गार होता आणि आत पाण्याने तट्ट भरलेला होता. दोन महिने ज्या मातीला आपण पाण्याचा थेंब दिला नाही, त्या मातीतून. माझ्या खिशात कात्री होती. ती मी घरी येईपर्यंत विसरलो होतो.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझा बाप


१२ मे, मंगळवार

चि. मुलीस,

मागील पत्रात एक दुरुस्ती. ‘छाटण्याची वेळ निघून गेली होती’ असे मी लिहिले आहे. ते खरे नाही. कमरेएवढा दांडाही छाटता येतो. माझा हात धजला नाही. दुरुस्ती नोंदवून घ्यावी.

तीन मेपासून मी रोज सकाळी आठ वाजता बांबू उभा धरून दांडा मोजतो. पहिल्या दिवशी सात बोटे वाढ, नंतर आठ, काल नऊ. मी मुकादमाला म्हणालो की एवढ्या वेगाने वाढणारी वस्तू डोळ्यांना वाढताना दिसली पाहिजे. तो म्हणाला, “काका, डोळा नवा आहे म्हणून काहीही दिसेल होय?” हा मुकादम म्हणजे माझ्या हाताखालचा तो सर्वांत लहान माळी, जो तुला चोरून चिंचा आणून देत असे. आता डोक्यावरचे केस गेले आहेत, जीभ तशीच आहे.

तेव्हा परीक्षा घेतली. काचघराच्या दोन लोखंडी खांबांना दोरा ताणून बांधला, शेंड्याच्या बरोबर वर, मोहरीच्या दाण्याएवढे अंतर ठेवून. मी, मुकादम आणि फाटकावरचा पहारेकरी असे तिघे पालथ्या बादल्यांवर बसलो. चहा मागवला. कोणी दोऱ्याला हात लावू नये म्हणून सर्वांनी हात मांडीवर ठेवावेत, असे मी सांगितले.

“काका, लग्नाला बसवल्यासारखं वाटतंय,” पहारेकरी म्हणाला.

“गप्प बसा आणि पाहा.”

चहा संपता संपता शेंडा दोऱ्याला टेकला. आणखी थोड्या वेळाने दोरा मध्यभागी वर उचलला गेला, जसा कोणी बोटाने हळूच उचलावा.

“देवाशपथ, हलला!” पहारेकरी ओरडला.

“हलला नाही, वाढला,” मी म्हणालो.

“आमचा धाकटा मेव्हणा असाच. जेवायला बसला की उठेपर्यंत सदरा आखूड.”

मुकादम हसला नाही. तो दोऱ्याकडे वाकला. मग म्हणाला, “काका, एवढी वर्षं तुम्ही आम्हाला हे बघूच दिलं नाहीत.” त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. म्हणूनच ते येथे नोंदवले. एक दाणा उगवतो हे मी आयुष्यभर पाहिले. परंतु उगवणे चालू असताना त्याच्यासमोर बसून ते पाहणे, हे मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी केले. दोरा उचलला गेला तेव्हा मी बादलीवरून उठलो. टोपी काढावी असे वाटले. काढली.

त्याच दिवशी अधीक्षक बाई पाहणीला आल्या. बाई तरुण आहेत, कामाच्या आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधतात. त्यांनी छताकडे पाहिले.

“काका, शेंड्यापासून काच किती?”

“पाच वीत, बाई. फार तर सात दिवस.”

“आणि हे थांबणार कुठे?”

“ठाऊक नाही.”

“तुम्हाला ठाऊक नाही?” त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. एकेचाळीस वर्षांच्या सेवेत हे उत्तर मी कोणाला दिले नव्हते. त्या म्हणाल्या, “खालून शाळेची मुलं जातात. काच फुटून पडली तर? दांडा काचेला लागायच्या आत कापून टाका. तुम्ही नेहमी कापताच ना?”

मी छताची एक काच काढण्याची परवानगी मागितली. त्यासाठी समितीचा ठराव लागतो आणि समिती अठरा तारखेच्या सोमवारी दुपारी बसते, असे उत्तर मिळाले. नियम योग्य आहे. तो नियम बारा वर्षे मीच इतरांना वाचून दाखवला.

ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे, तिच्याकडे आता येतो. चौदा वर्षांपूर्वी, माझ्या निवृत्तीला एकवीस दिवस उरले असताना, विद्यापीठाचे पाहुणे याच झाडासमोर उभे होते. त्या वेळच्या साहेबांनी मला माहिती सांगण्यास सांगितले. मी सांगितले की हे झाड फुलले की मरते, आणि मी ते तीन वेळा वाचवले आहे. तू नुकतीच पदवी घेऊन आली होतीस. तू म्हणालीस, “बाबा, ते घायपात. हे फुलून मरत नाही, पुन्हा पुन्हा फुलतं. तुम्ही उगाच छाटता.” पाहुण्यांपैकी एकजण हसला. तो तुला हसला की मला, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. त्या दिवशी एका क्षणात ठरवले होते.

फाटकाशी मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. त्या वेळी साहेब, पहारेकरी, हा मुकादम, आणि माझा डबा घेऊन आलेली तुझी आई, एवढे लोक हजर होते. ते शब्द या पत्रात लिहीत नाही.

दांडा काचेला लागला तर फुलणार नाही. कापला तर फुलणार नाही. फुलला, तर ते झाड मरते की जगते हे कळेल, आणि तुझे म्हणणे खरे की माझे, हेही कळेल. मला कळून घ्यायचे आहे. एवढेच.

तुझा बाप


१८ मे, सोमवार

चि. मुलीस,

काच निघाली आहे. दांडा सुरक्षित आहे. माझे डावे मनगट काही दिवस बांधलेले राहील. त्याचे कारण या पत्रात आवश्यक नाही.

तुझी आई शेजारी बसून मोठ्याने वाचते आहे. तिचे म्हणणे असे : “आवश्यक नाही? शिडीवरून आपटलात ते लिहा की! नाहीतर रविवारी मीच सांगते, मीठमसाला लावून.”

तेव्हा लिहितो. माझा हिशेब चुकला. उष्मा वाढला आणि दांडा दिवसाला दहा, अकरा बोटे चढू लागला. रविवारी सकाळी बांबू लावला तर काच चार बोटांवर. समिती सोमवारी दुपारी. मी ती गोष्ट दोनदा मोजली, तिसऱ्यांदाही मोजली. मग पहारेकऱ्याला शिडी मागितली.

“काका, परवानगी?”

“नाही.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू घड्याळाने उलट फिरायला सुरुवात केली आहे. नंतर शिडी आणली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटले. “मी काहीच बघितलेलं नाही. तुम्ही काय ते उरका.”

काचेभोवतीची पुट्टी माझ्याच हातची होती, त्यामुळे निघायला वेळ लागला. काच अखंड सुटली. ती उचलून धरली आणि उतरताना खालून तिसरी पायरी चुकली. एका हाताने शिडी धरता आली असती, परंतु मग काच सोडावी लागली असती. आणि काच संस्थेची आहे. तेव्हा काच वर धरून मी मनगटावर आलो. काचेला चरा नाही.

तुझी आई म्हणते, “स्वतःच्या पोरीला फाटकाबाहेर काढताना विचार केला नाही, आणि गवताच्या काडीसाठी हाडं मोडून घेतली!” हे वाक्य तिने जसेच्या तसे लिहायला सांगितले आहे. मी हरकत घेतली होती की चमचेपात हे गवत नव्हे. हरकत फेटाळली गेली.

आज सकाळी अधीक्षक बाई आल्या. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिले. छताच्या चौकटीतून शेंडा चार बोटे बाहेर, मोकळ्या उजेडात उभा होता. बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांनी विचारले, “काच कुठे आहे?”

“भिंतीशी, पुसून ठेवली आहे.”

“अर्ज द्या. तारीख शनिवारची टाका, मी सही करते.”

“बाई, काच रविवारी काढली. खोटी तारीख टाकणार नाही.”

“काका, मी तुम्हाला वाचवायला बघतेय!”

“मला वाचवू नका. दांडा वाचवा.”

त्यांनी कपाळाला हात लावला. दुपारी समितीने ठराव केला : शेंड्याभोवती पत्र्याची झडप बसवावी, आणि निवृत्त मुकादमास लेखी ताकीद द्यावी. ती ताकीद या पत्रासोबत तुला पाहण्यासाठी जोडली आहे. माझ्या सेवेतील पहिली. परत पाठवण्याची गरज नाही.

तुझी आई आता पाणी भरायला उठली आहे. तोवर दुसरी एक गोष्ट लिहितो, जी तिला ठाऊक नाही.

आठ वर्षांपूर्वी तुझे कार्ड आले होते, बागेच्या पत्त्यावर. त्यावर तीन वाक्ये होती. ‘माझे फुलले. मेले नाही. मादी आहे, जवळ नर नसल्याने बी धरणार नाही.’ ते कार्ड मी बियांच्या कपाटात ठेवले. तू मला हरवण्यासाठी लिहिलेस, असे मी मानले. तू केवळ कळवण्यासाठी लिहिले असशील, हे माझ्या मनात आले नाही. किंवा आले, आणि मी ते आत येऊ दिले नाही.

त्या कार्डानंतर मी आणखी दोन वेळा दांडा छाटला. पहिल्या वेळी छाटला, कारण तुझ्यावर विश्वास नव्हता. दुसऱ्या वेळी छाटला, कारण विश्वास होता.

हे मी आजपर्यंत कोणासही सांगितलेले नाही.

तुझा बाप


३ जून, बुधवार

चि. मुलीस,

फुलले.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडले. माझ्याजवळ चौथीपर्यंतचे शब्द आहेत आणि वस्तू त्याहून मोठी आहे. तरी क्रमाने सांगतो.

मागच्या बुधवारी दांड्याची वाढ थांबली. एकूण उंची माझ्या दुपटीहून हातभर अधिक. दोन दिवस काही झाले नाही. शनिवारी सकाळी मी दार उघडले आणि मला वाटले की आत कोणीतरी दिवा लावला आहे. खालून दीड हात सोडून दांडा कळ्या-फुलांनी वरपर्यंत पिवळा झाला होता. एक फूल मोहरीच्या फुलाहूनही लहान. परंतु ती एकमेकांना खेटून, अशी हजारोंनी, की दांडा दिसेनासा झाला. खालची आधी उघडतात, वरची मागाहून. उघडलेल्या फुलांची रेघ रोज दोन वीत वर चढते, पाणी चढावे तशी. उन्हाची तिरीप पडली की संपूर्ण दांडा धुरकट सोन्याचा दिसतो, कारण त्यातून पराग सारखा उडत असतो.

आणि मधमाश्या. एकेचाळीस वर्षांत त्या काचघरात मी एकही मधमाशी पाहिली नव्हती. तिला आत येण्याची वाटच नव्हती. आता त्या छताच्या चौकटीतून येतात. आधी दहा-वीस आल्या. दुपारपर्यंत एवढ्या झाल्या, की काचा गुणगुणू लागल्या. मी काचेला तळहात लावून पाहिला. ती खरोखर थरथरत होती. पहारेकरी फाटक सोडून आला, मुकादम कामे सोडून आला, बाई सभा सोडून आल्या. नेहमी दंगा करत जाणारी शाळेची रांग दारात आली आणि आपोआप गप्प झाली. एका लहान मुलीने मला विचारले, “आजोबा, हे रोज असं असतं?”

मी म्हणालो, “असायला हवं होतं.”

मुली, सात वेळा. सात वेळा हे सर्व त्या मुठीत होते आणि मी ती मूठ कापून खताच्या ढिगावर टाकली. त्या ढिगाशेजारी उभा राहून मी अनेकदा डबा खाल्ला आहे. ज्याला वाचवतो आहे असे मला वाटत होते, ते काय आहे हेच मी पाहिलेले नव्हते. ही शिक्षा नव्हे, हे मला कळते. शिक्षा झाली असती तर सोपे गेले असते. हे तर बक्षिसासारखे समोर उभे आहे आणि मी ते मिळवलेले नाही.

मुकादमाने भिंग आणले. नव्या डोळ्याने मी फुलात पाहिले. पुंकेसर आहेत, बी धरणारा भाग नाही. झाड नर आहे. मी सरळ बियांच्या कपाटाकडे गेलो, तुझे कार्ड काढले आणि त्यातले तिसरे वाक्य उभ्यानेच वाचले.

म्हणून या पत्राबरोबर टिनाची एक डबी पाठवत आहे. सकाळी दहाच्या सुमारास, दव पूर्ण सुकल्यावर, फुले कागदावर झटकून पराग घेतला. टिपकागदाची पुडी केली आहे. डबीत ओल शोषण्यासाठी चुन्याचा खडा आहे, पुडीला त्याचा स्पर्श होणार नाही अशी कापसाची भिंत केली आहे. पुडी फोडताना वारा नसावा. हे तुला माहीत असेलच. तू या कामात माझ्या फार पुढे गेली आहेस. तरी लिहिले, कारण पुडी बांधायला मीच तुला शिकवले होते आणि ती एक गोष्ट मी बरोबर शिकवली होती.

आता झाड मरते की काय, हे पाहायचे आहे. मला भीती वाटते. खरे म्हणजे तू बरोबर ठरावीस अशी माझी इच्छा आहे, आणि अशी इच्छा मी पूर्वी कधी केलेली नाही.

अनेक आशीर्वाद.

तुझा बाप


२ ऑगस्ट, रविवार

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

डबी पोचली, तुझे झाड या वर्षी फुललेले नाही आणि परागाची पूड तू तुमच्या संस्थेच्या थंड पेटीत ठेवली आहेस, हे मला तुझ्या आईकडून कळले. तू मला स्वतः काही कळवलेले नाहीस. तो तुझा अधिकार आहे.

फुले जूनच्या मध्याला गळाली. त्यानंतर मी रोज मरणाची वाट पाहत होतो, म्हणजे ते येऊ नये म्हणून पाहत होतो. घायपाताची पाने दांड्याला सर्व देऊन टाकतात आणि चोळामोळा होऊन पडतात. ते मी शंभरदा पाहिले आहे. जुलैच्या आरंभी याची खालच्या रांगेतली पाने पिवळी झाली. मी जेवण सोडले. तुझ्या आईने ताट पुढे सरकवून सांगितले, “तुम्ही मेलात तर त्या झाडाचं काय झालं ते पोरीला कोण कळवणार? जेवा.” युक्तिवाद बिनतोड होता.

दांडा वाळला, राखाडी झाला. एकोणीस जुलैला मी भिंग घेऊन त्याच्या बुडाशी पाहिले. दांड्याच्या अगदी कुशीला, पानांच्या दाटीत, विणकामाच्या सुयांसारखी नवी पाने वर आलेली होती. कोवळी, निळसर, कडेला अजून न टणकलेले दात. मोजली. अकरा. दुसऱ्या दिवशी तेरा.

मेले नाही.

मी तेथेच बादलीवर बसलो. झाडाने सारे वर उधळून दिले होते, छत ओलांडून, कोणी विचारले नाही तरी. आणि खाली पुन्हा शांतपणे पाने काढत होते. मला माझ्या वयाची लाज वाटली नाही. उलट एवढे वय मिळाले नसते तर हे राहून गेले असते, असे वाटले.

जे शब्द मी चारचौघांत बोललो, ते बंद पाकिटात मागे घेणे योग्य नव्हे. म्हणून त्या दिवशी हजर असलेल्या सर्वांना आज सकाळी अकरा वाजता काचघरात बोलावले. तू फोनवर होतीसच. तरी जबानी कागदावर असावी म्हणून घडले तसे लिहितो.

जुने साहेब काठी टेकत आले. ते आता शहाऐंशीचे आहेत. त्यांनी नवी पाने पाहिली आणि म्हणाले, “मुकादम, मला तेव्हाच ठाऊक होतं. पोरगी बरोबर बोलली होती.”

“मग साहेब, तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमचे एकवीस दिवस उरले होते. म्हटलं, मान राखावा.”

मी म्हणालो, “साहेब, तुम्ही माझा मान राखलात. त्यापायी घर तिचे सुटले.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मी पुढे वाढवले नाही, कारण घर त्यांनी नव्हे, मी सोडायला लावले होते.

तुझ्या आईने फोन उंच धरला. हात दुखू लागेल म्हणून पहारेकऱ्याने तिच्या कोपराला आधार दिला. मी कागद वाचला :

‘चौदा वर्षांपूर्वी, या उद्यानात, मी दोन वाक्ये बोललो. पहिले : हे झाड फुलले की मरते. दुसरे : आजपासून मला मुलगी नाही. दोन्ही वाक्ये खोटी आहेत. पहिले मी अज्ञानाने बोललो. दुसरे खोटे आहे हे बोलतानाच मला ठाऊक होते. दोन्ही वाक्ये मी बिनशर्त मागे घेतो.’

वाचून झाल्यावर फोनमधून काही आवाज आला नाही. मुकादम खाली पाहत होता. तुझ्या आईने फोन कानाला लावला, ऐकले आणि तो पुन्हा उंच धरला.

मग तू म्हणालीस, “पुन्हा वाचा.”

मी चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचले. या वेळी अधिक मोठ्याने वाचले, कारण अंतर बरेच आहे.

वरील मजकूर माझा असून तो मला मान्य आहे. सोबत मूळ कागद, सहीसह.

लिहून देणार : तुझा बाप

समक्ष हजर असलेले साक्षीदार :

१. जुने साहेब. सही केली, अक्षर मोठे असल्यामुळे दोन ओळींत.

२. पहारेकरी. या वेळी डोळे उघडे होते, असे त्याने सहीपुढे स्वतः लिहिले आहे.

३. मुकादम.

४. माझी पत्नी. सही करताना म्हणाली, “उशीर केलात.” नोंद घेतली आहे.

५. दूरध्वनीवरून, दोन्ही वाचनांस हजर : माझी मुलगी.